समुद्राचा ताप मोजणारा पेराँ

सरकारी रुग्णालयात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद लटकत असतो. ताप, नाडी, श्वास. ठरलेल्या वेळी सिस्टर येतात, थर्मामीटर लावतात, आकडा लिहितात आणि पुढच्या खाटेकडे सरकतात. नव्या इंटर्न मुलामुलींना हे काम अगदीच बिनडोक वाटतं. त्यांच्यासमोर मी कबूल करत नाही, पण त्यांच्या वयात मलाही तसंच वाटायचं. पुढे पंचवीस-तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर कळलं, की रक्ताचे रिपोर्ट यायच्या आधी हाच कागद निम्मं निदान सांगून मोकळा होतो. अट एकच. आकडे नेमाने घेतलेले हवेत, आणि रुग्ण बरा असतानाचेही हवेत.

१८०० सालच्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातून निघालेल्या एका जहाजावर पंचविशीतला एक तरुण असाच कागद भरत होता. त्याचा रुग्ण मात्र समुद्र होता. दिवसातून चार वेळा, त्यात मध्यरात्रही आली, तो समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घ्यायचा, त्याच वेळी हवेचं घ्यायचा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचा. त्याचं नाव फ्रांस्वा पेराँ. ऑस्ट्रेलियात हे नाव इंग्रजी वळणाने पेरॉन असं उच्चारतात. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाचा मोठा उपसागर आहे आणि त्यात घुसलेलं लाल मातीचं एक लांबट द्वीपकल्प पेराँच्या नावाचं आहे. २०११ च्या सुरुवातीला, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, त्या द्वीपकल्पाभोवतीच्या समुद्राला ताप चढला आणि पाण्याखालची शेकडो चौरस किलोमीटर हिरवळ गेली. त्या घटनेविषयी वाचताना मला हा माणूस भेटला. तो वैद्यकीचा विद्यार्थी होता हे कळल्यावर मग त्याचा पिच्छाच पुरवला.

पेराँचा जन्म २२ ऑगस्ट १७७५ चा. मध्य फ्रान्समधलं सेरीयी हे त्याचं गाव, समुद्रापासून चांगलंच लांब. वडील लवकर गेले. घरची परिस्थिती बेताची. मुलगा हुशार म्हणून गावच्या धर्मगुरूंनी शिकवलं, आणि तोही बहुधा त्याच वाटेने गेला असता. पण मध्ये फ्रेंच राज्यक्रांती आली. १७९२ मध्ये सतरा वर्षांचा पेराँ सैन्यात भरती झाला. जर्मन भूमीवर कायझर्सलाउटर्नच्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. कैदेतून सुटून परत आला तेव्हा एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. वय एकोणीस. गावात काही काळ नगरपालिकेच्या कारकुनीसारखं काम केलं आणि १७९७ मध्ये पॅरिसला जाऊन वैद्यकीच्या विद्यालयात दाखल झाला.

तीन वर्षं तो वैद्यक शिकला. त्याच सुमारास पॅरिसच्या निसर्गइतिहास संग्रहालयात क्युव्हिएसारखे दिग्गज प्राण्यांच्या शरीररचनेवर व्याख्यानं देत होते. पेराँ तिथेही जाऊ लागला आणि रमला. मग एक प्रेमप्रकरण विस्कटलं. नेमकी तेव्हाच दक्षिणेकडच्या अज्ञात किनाऱ्यांच्या शोधासाठी नेपोलियनच्या पाठिंब्याने एक मोहीम निघत होती. जागा भरल्या होत्या. तरी पेराँने लकडा लावला, दूरदेशीच्या माणसांचं आरोग्य आणि शरीर यांचा अभ्यास करणारा कुणीतरी मोहिमेत हवाच असा निबंध लिहून दिला आणि शिकाऊ प्राणिशास्त्रज्ञ म्हणून शेवटच्या क्षणी जागा मिळवली. परीक्षा देऊन डॉक्टर होण्याऐवजी हा मुलगा जहाजावर चढला. आमच्या व्यवसायातून असे किती जण निसटतात आणि चांगलं करतात, याचा कुणी हिशेब ठेवायला हवा.

जहाजं दोन होती, जेओग्राफ आणि नातुरालिस्त. प्रमुख होता कॅप्टन निकोला बोदँ. वाटेतल्या महिन्यांत इतर शास्त्रज्ञांना बघायला फार काही नव्हतं. पेराँने थर्मामीटर काढला.

त्याच्या नोंदींतून जे निघालं ते आज शाळेच्या पुस्तकात शोभेल इतकं साधं वाटतं. भर दुपारी समुद्राचं पाणी सावलीतल्या हवेपेक्षा थंड असतं, मध्यरात्री ते हवेपेक्षा ऊबदार असतं, सकाळ-संध्याकाळी दोघं जवळजवळ बरोबरीला येतात. म्हणजे समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. पण हे आधी कुणीतरी इतक्या नेमाने मोजायला लागतं. पृष्ठभागावर तो थांबला नाही. उष्णता सहजी आत-बाहेर होऊ न देणाऱ्या थरांत गुंडाळलेला थर्मामीटर दोरीने खोल सोडायचा, बराच वेळ तिथे ठेवायचा, आणि वर ओढताना वाटेतल्या कोमट पाण्याने आकडा बदलू नये अशी धडपड करायची. विषुववृत्ताजवळही पाणी खोलवर थंडच होत जातं, हे त्याने पाहिलं.

इथे त्याने उडी मारली. खोल जावं तसं थंड होतं, तर अगदी तळाशी कायमचा बर्फ असणार, उंच पर्वतांच्या शिखरांवर असतो तसा, असं त्याने ठरवून टाकलं. ते साफ चुकलं. समुद्राचा तळ थंड आहे, गोठलेला नाही. पण निष्कर्ष चुकला म्हणून नोंदी वाया गेल्या नाहीत. केस पेपरवर निदान चुकीचं लिहिलेलं असावं आणि मागच्या तापाच्या कागदावरून दुसऱ्या डॉक्टरने ते दुरुस्त करावं, असं आमच्याकडे होतच असतं.

मार्च १८०१ मध्ये जहाजं मॉरिशसला पोहोचली. तिथे अनेक शास्त्रज्ञ मोहीम सोडून उतरले. कुणी आजारी होते, कुणी बोदँला कंटाळले होते. पुढच्या वर्षभरात उरलेल्यांतले काही आजाराने गेले. अखेर प्राणिशास्त्रज्ञ म्हणून नेमलेल्यांपैकी शिकाऊ पेराँ तेवढा उरला. त्याच्या जोडीला होता शार्ल-अलेक्झांद्र लस्यूर. भरती झाला तेव्हा तो साधा खलाशी वर्गातला होता, पण त्याचा हात चित्रात असा चालायचा की लवकरच तो मोहिमेचा चित्रकार झाला. पेराँ गोळा करायचा, चिरायचा, वर्णन लिहायचा, लस्यूर रंगवायचा. ही मैत्री पेराँच्या मरणापर्यंत टिकली.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरून ते तिमोर बेटावर कुपांगला गेले. तिथे रक्ती हगवणीने जहाजावरची माणसं पटापट पडू लागली. स्थानिक माणसं मात्र त्या मानाने ठणठणीत. पेराँने पाहिलं, की ती सगळी दिवसभर विडा चघळतात. विड्यामुळे आतडी मजबूत राहतात आणि उष्ण प्रदेशातली हगवण टळते, असा निबंधच त्याने पुढे लिहिला. वाचून मला हसू आलं आणि लगेच मावळलंही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कुपांगच्या लोकांना लहानपणापासून त्या जंतूंची सवय झालेली असणार, हे तेव्हा कुणाला कळणार? जंतूंचा शोध लागायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता. पण सुपारी तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरते हे आता पक्कं ठाऊक आहे, आणि पोटाला बरं म्हणून सुपारी खाणारे रुग्ण माझ्या ओपीडीत आजही येतात. पेराँची चूक दोनशे वर्षांनी आपल्याकडे जिवंत आहे.

तिमोरच्या आधी, जून-जुलै १८०१ मध्ये, जेओग्राफ शार्क बेमध्ये नांगर टाकून होतं. तिथल्या बर्निए बेटावर पेराँ शिंपले गोळा करता करता वाट चुकला आणि उशिरा, दमून-भागून परतला. बोदँ चिडला. एकट्याने भटकायचं आणि सगळ्यांना थांबवून ठेवायचं ही पेराँची खोड पुढेही गेली नाही. पण तिथूनच त्याने अंगावर पट्टे असलेल्या एका छोट्या वॉलबीची, म्हणजे कांगारूच्या लहान भावंडाची, नोंद आणली. तो प्राणी पुढे मुख्य भूमीवरून नाहीसा झाला. बर्निए आणि शेजारचं डोर या दोन बेटांवर मात्र तो टिकून राहिला.

शार्क बे ही जागा काय आहे हे इथे सांगायला हवं. मालगाना हे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या भाषेत या जागेचं नाव गाथागुडू, म्हणजे दोन पाणी. उपसागर उथळ आहे, आणि त्याच्या तळावर चार हजार चौरस किलोमीटरहून मोठं समुद्रगवताचं कुरण आहे. समुद्रगवत म्हणजे शैवाल नव्हे. त्याला खरी मुळं असतात, खोड असतं, फुलं येतात, परागकण पाण्यातून वाहत जातात, बी धरतं. जमिनीवरची वनस्पती कधीकाळी परत समुद्रात गेली, तशातली ही गोष्ट. आपल्याकडे पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान इथे त्याची कुरणं आहेत. शार्क बेमध्ये त्याच्या डझनभर जाती आहेत. त्यात दोन मुख्य. एक ॲम्फिबोलिस, तारेसारख्या चिवट देठाचं. त्याचं बी आईच्या अंगावरच रुजतं आणि छोटं रोप गळून वाहत जातं, तेव्हा त्याच्या टोकाला कंगव्यासारखा आकडा असतो, तो कुठेतरी अडकला की रोप तिथे घर करतं. दुसरं पोसिडोनिया, रुंद पट्टीसारख्या पानांचं.

पोसिडोनियाबद्दल २०२२ मध्ये एक थक्क करणारी गोष्ट समोर आली. शार्क बेच्या वेगवेगळ्या भागांतल्या रोपांची जनुकीय तपासणी केली तर ती एकच वनस्पती निघाली. सुमारे १८० किलोमीटर पसरलेली, अंदाजे साडेचार हजार वर्षांची. आपल्या दूर्वांची एक काडी जशी जमिनीलगत सरकत जागोजागी मुळं धरते, तशी ही जमिनीखालच्या खोडाने सरकत गेली. तिच्या पेशींत गुणसूत्रांचा दुप्पट संच आहे. पेराँ त्या किनाऱ्यावर शिंपले वेचत होता तेव्हा ती चार हजार वर्षांहून जुनी होती.

हे कुरण गाळ धरून ठेवतं, पाण्याचा प्रवाह अडवतं. त्यामुळेच उपसागराच्या आतल्या कोपऱ्यात, हॅमेलिन पूलमध्ये, पाणी साध्या समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट झालं आहे. समुद्रगायी, म्हणजे डुगाँग, हेच गवत खातात; शार्क बेमध्ये त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास सांगितली जाते. हिरवी समुद्री कासवंही तेच खातात. कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं त्यातच लपतात.

पेराँकडे परत येऊ. १८०२ च्या सुरुवातीला मोहीम टास्मानियात होती. तिथे त्याने एक काम केलं, ज्याबद्दल त्याला आज कठोरच बोल लावावे लागतात. हाताच्या पकडीचं बळ मोजणारं रेन्येचं यंत्र त्याने बरोबर आणलं होतं. त्यावर तिथल्या मूळ रहिवाशांचं, पुढे तिमोरच्या लोकांचं, फ्रेंच खलाशांचं आणि सिडनीतल्या इंग्रजांचं बळ मोजलं. मोजकी माणसं, अनोळखी यंत्र, परका माणूस समोर उभा. एवढ्यावरून त्याने सुधारलेला माणूस रानातल्या माणसापेक्षा बलवान असतो असा सिद्धांत मांडला. युरोपला तो हवाच होता. थर्मामीटर लावताना जो माणूस इतकी काळजी घ्यायचा, त्याने माणसं मोजताना ती घेतली नाही.

समुद्राच्या बाबतीत मात्र त्याची नजर पुन्हा ताळ्यावर येते. टास्मानियाच्या थंड पाण्यात खडकाला चिकटणारा एक मोठा शिंपला त्याला सापडला, अबालोनी वर्गातला. तिथे त्याचा आकार भरपूर. पुढे किनाऱ्याने पश्चिमेकडे जाताना तोच शिंपला लहान लहान होत गेला, किंग जॉर्ज साउंडपाशी अगदी खुजा झाला आणि त्यापुढे दिसेनासा. इतर शिंपल्यांतही हेच. मग लस्यूरबरोबर लिहिलेल्या एका निबंधात त्याने मांडलं, की समुद्र सगळीकडे सलग असला तरी प्रत्येक प्राण्याला त्यात आपलं घर असतं, आणि त्या घराच्या भिंती बऱ्याच अंशी पाण्याच्या तापमानाच्या असतात. भिंतीजवळ राहणारा जीव तग धरून असतो, पण जेमतेम. पेराँच्या सगळ्या लिखाणात मला हाच विचार सर्वांत मोलाचा वाटतो.

जून १८०२ मध्ये जेओग्राफ सिडनीला पोहोचलं ते स्कर्व्हीने खिळखिळं होऊन. जहाज बंदरात आणायला पुरेसे हात उरले नव्हते, इंग्रजांनी मदत केली. लिंबू-संत्र्यांचा उपाय जेम्स लिंडने १७५३ मध्येच छापला होता. माहिती असणं आणि ती भांडारातल्या सामानात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही सरकारी डॉक्टरला समजावून सांगायला नको.

मार्च १८०३ मध्ये ते शार्क बेला परत आले. पेराँ दोन साथीदारांना घेऊन द्वीपकल्पावर शिंपले शोधायला निघाला आणि पुन्हा वाट चुकला. झाड नाही, गोडं पाणी नाही, लाल वाळू भाजत होती. तिघंही उन्हाने आणि तहानेने कोसळायच्या बेतात असताना कसेबसे होडीपर्यंत पोहोचले. गोळा केलेलं वाटेतच टाकून द्यावं लागलं. लक्षणांचं वर्णन वाचलं तर आजचा कुणीही मेडिकल ऑफिसर उष्माघाताच्या उंबरठ्यावरचा रुग्ण म्हणून सलाइन लावेल. तेच द्वीपकल्प आता त्याच्या नावाने ओळखलं जातं.

परतीच्या वाटेवर मॉरिशसमध्ये सप्टेंबर १८०३ मध्ये बोदँ क्षयाने गेला. मार्च १८०४ मध्ये जेओग्राफ फ्रान्सला लागलं तेव्हा त्याच्या पोटात लाखाहून अधिक नमुने होते, त्यात हजारो जाती विज्ञानाला नव्या. मोहिमेचा अधिकृत इतिहास लिहायचं काम पेराँकडे आलं. पहिला खंड १८०७ मध्ये निघाला. त्यात बोदँचं नाव जवळपास गाळलेलं आहे. जे काही चांगलं झालं ते प्रमुखाविना झालं, आणि जे वाईट झालं ते प्रमुखामुळे, असा एकूण सूर. बोदँ तुसडा असेल, पण त्याच्याच जहाजावर हे सगळं काम उभं राहिलं होतं. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नव्हता. त्याची स्वतःची रोजनिशी इंग्रजीत छापून यायला १९७४ साल उजाडलं, आणि त्यानंतर कुठे इतिहासकार त्याच्याकडे नीट पाहू लागले. मला पेराँ आवडतो, पण हे त्याला माफ करता येत नाही.

पेराँच्या छातीतही तोवर क्षय बसला होता. तरी तो आणि लस्यूर जेलीफिशवर काम करत राहिले. १८०९ मध्ये हवापालटासाठी तो नीसला गेला, तर तिथेही समुद्रातून जनावरं काढून त्यांची वर्णनं लिहीत बसला. शेवटी सेरीयीला परतला. गोठ्यातली हवा आणि ताजं दूध क्षयाला बरं, असं तेव्हा मानत, म्हणून शेवटचे दिवस त्याने गाईंच्या गोठ्यात काढले असं सांगतात. लस्यूर जवळ होता. १४ डिसेंबर १८१० ला पेराँ गेला. वय पस्तीस. इतिहासाचा दुसरा खंड लुई द फ्रेसिने याने पुरा केला आणि तो १८१६ मध्ये निघाला. क्षयाचा जंतू सापडायला १८८२ उजाडायचं होतं.

त्यानंतर दोनशे वर्षं आणि काही महिन्यांनी शार्क बेला ताप आला.

समुद्राचा ताप म्हणजे काय, याची व्याख्या २०१६ मध्ये ठरली आणि ती आमच्या ओळखीच्या चालीची आहे. एखाद्या जागी त्या तारखेला गेल्या तीस वर्षांत पाणी किती गरम असायचं हे पाहायचं. त्यातल्या सर्वांत गरम दहा टक्क्यांच्या रेषेवर पाणी गेलं आणि सलग पाच दिवस किंवा जास्त तिथेच राहिलं, तर ती सागरी उष्णतेची लाट. म्हणजे आकडा किती यापेक्षा त्या जागेच्या नेहमीपेक्षा किती, आणि किती काळ, हे महत्त्वाचं. वीटभट्टीवरून १०६ ताप घेऊन आलेला मजूर आणि तोच ताप घेऊन आलेला फ्लूचा तरुण यांच्यात आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हाच: कधीपासून? अर्धा तास आणि सहा तास यांत यकृत आणि मूत्रपिंड वाचणं किंवा न वाचणं ठरतं.

त्या वर्षी प्रशांत महासागरात जोरदार ला निना होती. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारा ल्युविन हा गरम प्रवाह अवेळी बळावला. शार्क बेमध्ये पाणी नेहमीपेक्षा २ ते ४ अंश सेल्सियसने जास्त तापलं आणि दोन महिन्यांहून अधिक काळ तसंच राहिलं. त्यातच वूरामेल नदीला पूर येऊन गढूळ पाणी उपसागरात शिरलं.

गवत मरतं कसं? वनस्पती दिवसा प्रकाशात साखर बनवते आणि चोवीस तास श्वास घेत ती जाळते. पाणी तापलं की जाळण्याचा वेग बनवण्याच्या वेगापेक्षा भराभर वाढतो. गढूळ पाण्यामुळे प्रकाश कमी, म्हणजे कमाईही घटली. मग झाड जमिनीखालच्या खोडातली शिल्लक मोडून खाऊ लागतं. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मुळांभोवतीच्या चिखलात प्राणवायू नसतोच. तिथे कुजक्या अंड्यांच्या वासाचा सल्फाइड तयार होतो. धडधाकट गवत पानांतून मुळांकडे प्राणवायू पोहोचवून त्याला बाहेर रोखून धरतं. अशक्त झालेल्या झाडाला, विशेषतः रात्री, ते जमत नाही. मग विष आत शिरतं. उपासमार, गुदमरणं आणि विषबाधा एकाच रुग्णात एकाच वेळी असली की अतिदक्षता विभागात आमची जी धावपळ होते, ती आठवली. इथे धावायला कुणी नव्हतं. ॲम्फिबोलिसने पानं टाकली. देठ काही काळ उघडे उभे राहिले, मग तेही गेले. पोसिडोनिया तुलनेने तगलं, पण त्याचं बी धरेना.

आणि इथे पेराँचा खुजा शिंपला आठवतो. ॲम्फिबोलिस आणि पोसिडोनिया या दोन्ही मुळात दक्षिणेकडच्या, थंड पाण्याच्या जाती. शार्क बे म्हणजे त्यांच्या घराची उत्तरेकडची, गरम बाजूची भिंत. तिथे दोन-चार अंश जास्त म्हणजे भिंतीपलीकडे ढकललं जाणं. त्याच लाटेत शार्क बेच्या दक्षिणेला काल्बारीजवळच्या खडकांवरून अबालोनीची एक जात जवळपास पुसली गेली. तीही तिथे आपल्या गरम कडेवरच राहत होती. पेराँने पाहिलेली जात निराळी, किनारा निराळा, पण नियम तोच.

२०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार शार्क बेच्या समुद्रगवताच्या सुमारे ३६ टक्के क्षेत्राला झळ बसली, म्हणजे अंदाजे एक हजार चौरस किलोमीटर. या गवताखालच्या गाळात हजारो वर्षांचा कार्बन पुरलेला असतो. पांघरूण गेल्यावर तो उघडा पडला, आणि पुढच्या तीन वर्षांत २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असावा असा अंदाज निघाला. अंदाजाची दोन टोकं लांब आहेत, पण लहान टोकही लहान नाही. खेकडे आणि स्कॅलप यांची मासेमारी काही काळ बंद ठेवावी लागली. हिरव्या कासवांची तब्येत खालावली, डुगाँग दुसरीकडे चरायला गेले. डॉल्फिन गवत खात नाहीत, तरी लाटेनंतर त्यांच्या जगण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटलं आणि पिल्लंही कमी झाली, कारण गवतातले मासे घटले होते.

मोकळ्या झालेल्या काही जागी उष्ण पाण्यातलं, आखूड आणि बारीक पानांचं दुसरं गवत पसरू लागलं. त्याने तळ हिरवा दिसतो. पण उंच, दाट ॲम्फिबोलिससारखं ते गाळ धरत नाही की आसरा देत नाही. भाजलेल्या जागेवर नवी कातडी आली तरी तिच्यात घामाच्या ग्रंथी नसतात, तसं काहीसं. जुनं गवत परत येतंय, पण फार हळू. मालगाना समाजाचे रेंजर आणि विद्यापीठातले संशोधक मिळून आता पोसिडोनियाची फळं गोळा करतात, रोपं लावतात, आणि आकड्याच्या टोकाची ॲम्फिबोलिसची रोपं अडकावीत म्हणून वाळू भरलेल्या तागाच्या लांब पिशव्या तळाशी अंथरतात. पिशवीच्या खरखरीत धाग्यात रोप अडकलं तर तिथे मूळ धरतं. कोणत्या पिशवीत किती रोपं राहिली, हे पाणबुडे खाली जाऊन मोजतात आणि लिहून ठेवतात.